जिन्यातली धून

"पुन्हा एकदा घेऊ या," मास्तर म्हणाले आणि पियानोवर आपली बोटं ठेवून वाट बघत राहिले.

पुन्हा घेऊन काही उपयोग नव्हता, हे गोदामातल्या सगळ्यांना कळून चुकलं होतं. तरी फुंकरनं ट्रंपेट ओठांना लावलं, छाती भरून हवा घेतली आणि सोडली. सूर निघायच्या आधीच ती तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून निसटली. फुस्स. सायकलच्या ट्यूबमधून निसटावी तशी. त्यानं बोटानं तो कोपरा दाबून धरला, पुन्हा फुंकलं. एक सूर आला, थरथरला, विझला. मागे ड्रमवर बसलेल्या ठोक्यानं उगीचच झांजेचा स्क्रू पिळायला घेतला. बास वाजवणारा, ताडमाड उंचीमुळे ज्याला सगळे खांब म्हणत, तो छताकडे बघू लागला.

फुंकरनं ट्रंपेट मांडीवर ठेवलं.

"दौऱ्यासाठी दुसरं कुणीतरी बघा, मास्तर," तो म्हणाला. अर्धे ओठ हलत नसल्यानं त्याचा 'मास्तर' ओला होऊन बाहेर पडला. "आणि ही गोष्ट मला दोनदा बोलायला लावू नका."

मास्तरांनी पियानोचं झाकण हळूच लावलं.

फुंकर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. वीज कंपनीत तो मीटर रीडर होता. आठवडाभर इमारतींचे जिने चढायचे, मीटरवरचे आकडे टिपायचे आणि सुटीच्या दिवशी ठोक्याच्या भावाच्या फर्निचरच्या गोदामात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या सोफ्यांच्या मधोमध बसून ट्रंपेट वाजवायचं, असं त्याचं आयुष्य. जॅझचा हा बँड त्यांनी तरुणपणी हौसेनं काढला आणि हौस फिटायच्या ऐवजी वाढत गेली. वर्षातून एकदा सगळे रजा काढत आणि फर्निचरच्याच व्हॅनमध्ये वाद्यं कोंबून दौऱ्यावर निघत. गावोगावची छोटी नाट्यगृहं, कामगारांचे हॉल, कॉलेजं. अर्धा कार्यक्रम जुन्या, गाजलेल्या रचनांचा आणि अर्धा त्यांच्या स्वतःच्या. लोक जुन्यासाठी यायचे आणि जाताना नव्याबद्दल बोलायचे.

नव्यांतली सगळ्यात लाडकी रचना फुंकरची होती. तिचं नाव 'जिना'. नाव ऐकून पहिल्यांदा सगळे हसले होते. पण ती झालीच जिन्यात. मीटर बघायला चढता चढता तो शीळ घालायचा आणि रिकाम्या जिन्यात ती अशी काही घुमायची, की चार माणसं वाजवताहेत असं वाटावं. चढता चढता ती धून जमत गेली. लोक 'जिना'ची फर्माईश करत आणि फुंकर दरवेळी 'बरं, तुम्ही म्हणताय म्हणून' असा चेहरा करून पुढे येई. तो चेहरा करायची त्याला फार आवड होती.

आणि आता चेहऱ्यानंच दगा दिला होता. एका सकाळी दाढी करताना त्यानं गाल फुगवला तर डावा गाल फुगेना. डोळा मिटेना. चहा हनुवटीवरून ओघळला. डॉक्टरांनी नस दुखावल्याचं सांगितलं, गोळ्या दिल्या, व्यायाम दिले. महिने गेले. डोळा मिटू लागला, घास नीट खाता येऊ लागला. ओठ मात्र साथ देईना. शेवटी फुंकरनं डॉक्टरांना सरळच विचारलं, "ट्रंपेट?"

"तुम्ही बोलताय, जेवताय, हे चांगलं आहे," डॉक्टर म्हणाले.

"मी ट्रंपेटचं विचारलं."

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. फुंकरला निदान खोटं बोलले नाहीत एवढं बरं वाटलं.

त्याची बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांच्या नाकाकानांवर चष्मे बसवून द्यायची. ती त्याला म्हणाली, "कुणाच्याच चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नसतात हो. माणसाचे दोन कानसुद्धा एका रेषेत नसतात. मी रोज काड्या वाकवते म्हणून लोकांना पत्ता लागत नाही."

"माझी काडी वाकव मग."

"तुमची आधीपासूनच वाकडी आहे," ती म्हणाली. दोघं हसली. तिनं हसताना त्याच्या लुळ्या गालाकडे बघितलं नाही आणि बघायचं टाळलंही नाही.

दौरा तोंडावर आला होता. मास्तरांनी कुठून कुठून चौकशी करून एक बाई आणली. पोलिसांच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवणारी, चाळिशीची, दोन मुलांची आई. रजा टाकून येणार होती. पहिल्याच दिवशी ती गोदामात ताठ उभी राहून वाजवू लागली. ठोक्यानं तिला सोफा दाखवला तर म्हणाली, "बसून वाजवायची सवय नाही." झालं, त्या क्षणापासून तिचं नाव हवालदार पडलं. ती खरोखरच हवालदार होती, त्यामुळे तिला त्यात काही विनोद दिसेना आणि त्याचंच सगळ्यांना जास्त हसू येई.

फुंकर त्या तालमीला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला होता. बाईचा सूर स्वच्छ होता, पितळेची घासलेली कडी असावी तसा. जुन्या रचना तिनं बघता बघता उचलल्या. फुंकर चूक शोधत होता. सापडेना, तसा तो जास्तच चिडला आणि आपण चिडलोय हे कळल्यावर आणखी.

मास्तरांनी दौऱ्याचा क्रम वाचून दाखवला. 'जिना' त्यात नव्हता.

"लोक मागतील की," खांब म्हणाला.

"मागू देत," मास्तर म्हणाले. "ती फुंकरची आहे."

फुंकरचा ऊर भरून आला. घरी जाईपर्यंत त्याला बरं वाटत होतं. घरी पोचल्यावर बायकोला सांगितलं तर ती भाजी चिरता चिरता थांबली.

"म्हणजे ती आता कुणी वाजवायचीच नाही?"

"माझी धून आहे."

"मी कुठं नाही म्हणते?" ती पुन्हा चिरू लागली. "तुमचीच ठेवा. कपाटात ठेवा हवं तर."

तो दुसऱ्या खोलीत जाऊन बसला. रागावून बसला असं त्याला वाटत होतं. पण रागाला धरायला काही हाताशी नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात हवालदार घरी आली. गणवेशातच होती, ड्यूटीवरून थेट. शेजाऱ्यांच्या खिडक्या पटापट उघडल्या. तिनं पाणी घेतलं, पेला खाली ठेवला आणि आडपडदा न ठेवता म्हणाली, "मला 'जिना' शिकवा."

"मास्तरांनी ती काढलीय."

"माहीत आहे. मी त्यांच्याकडून नोटेशनचा कागद मागून घेतला. कागदावरचं वाजवून बघितलं, वाजतं. पण तुमचं रेकॉर्डिंग ऐकलं तर त्यात जे आहे, ते कागदावर नाहीच. तुम्ही श्वास कुठं घेता, ते कागदावर लिहिलेलं नाही."

फुंकर तिच्याकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"श्वासाचं काय लिहायचं," तो पुटपुटला. "लागला की घ्यायचा."

"असं नसतं हो. तुम्हालाही माहीत आहे." ती उठून उभी राहिली. "नाही म्हणालात तरी चालेल. तुमची चीज आहे. पण विचारल्याशिवाय मला राहवेना."

ती दारापर्यंत गेली तेव्हा फुंकरनं चपला पायांत सरकवल्या.

"वाद्य आणलंय का?"

"गाडीत आहे."

"घ्या. आणि चला."

तो तिला आपल्या रोजच्या हद्दीतल्या एका जुन्या इमारतीत घेऊन गेला. दुपारची वेळ, माणसं कामाला गेलेली, जिन्यात गार सावली. दगडी पायऱ्या मधोमध झिजलेल्या. हवालदारनं वर बघितलं. "इथं?"

"इथंच झाली ती. तुम्ही चढत चढत वाजवा. मी मागे आहे."

शीळ घालणं त्याला आता जमत नव्हतं. तो नाकातून गुणगुणला. पहिली ओळ खालच्या सुरांत, जड, हातात ओझं घेऊन निघाल्यासारखी. हवालदारनं ती उचलली. जिना घुमला. वळणावर पोचताच फुंकर म्हणाला, "इथं. इथं थांबायचं. खिडकी आहे ना? बाहेर बघायचं. मग पुढचा सूर."

"बाहेर काय बघायचं?"

"काही नाही हो. दोरीवरचे कपडे. पण बघायचं. घाई नाही आपल्याला."

ती थांबली, तिनं खरोखरच बाहेर बघितलं आणि मग पुढचा सूर लावला. फुंकरच्या अंगावर काटा आला. तो तिच्या मागे चढत राहिला. पुढच्या वळणावर तो म्हणाला, "आता दम लागलेला असतो. तो लपवायचा नाही. सुरात येऊ द्यायचा."

"आमच्याकडे दम लागलेला दिसला तर वरून विचारणा होते."

"इथं वर कुणी नाही. फक्त गच्ची."

तेवढ्यात एक दार उघडलं. एक म्हातारी, केसांना अर्धवट तेल लावलेली, डोकावली. फुंकरला बघून तिचा चेहरा खुलला.

"अहो मीटरवाले! तुम्ही होय? मला वाटलं तुमची बदली झाली. शीळच ऐकू येईना जिन्यात."

"आजारी होतो, आजी."

"आणि आज शीळ नाही, पिपाणीच आणलीत ती? आणि ह्या कोण?"

"ह्या पोलिस."

"अगंबाई!" म्हातारी एक पाऊल मागे सरली. "मीटर बघायला आता पोलिस?"

हवालदार पहिल्यांदाच हसली. गडगडून हसली, तेही जिन्यात घुमलं. म्हातारीनं दार लावलं नाही. तेलाची वाटी हातात धरून उंबऱ्यातच उभी राहिली. "वाजवा की. मी ऐकते."

त्यांनी पुन्हा खालून सुरुवात केली. या वेळी शेवटच्या वळणाला हवालदार न थांबता पुढे गेली. फुंकर खेकसला, "श्वास! तिथं श्वास आहे."

"मला नाही लागला."

"मी तिथं घेतो."

"घेत असाल. पण मला खरंच लागला नाही. उगाच घेतला तर खोटा वाटेल." तिनं मान तिरकी केली. "रेकॉर्डिंग कधीचं आहे? अलीकडचं ना?"

फुंकर उत्तर द्यायला गेला आणि थबकला. पायरीवर बसला. धून नवी होती तेव्हा तो हा जिना एका दमात चढायचा. म्हणजे सुरुवातीच्या वर्षांत त्यानं तिथं श्वास घेतलाच नसणार. तो नंतर आला, वयाबरोबर, गुडघ्यांबरोबर. आणि त्याला वाटत होतं की ती धूनच तशी आहे.

"नका घेऊ," तो शेवटी म्हणाला. "माझ्यासारखं वाजवायचंच नाही. तुम्ही जशा चढाल तसं वाजवा. खिडकीतून बघायचं तेवढं विसरू नका."

त्या दिवशी घरी येऊन त्यानं मास्तरांना फोन केला. "'जिना' परत घ्या क्रमात," एवढंच म्हणाला आणि ठेवला. मास्तरांचा परत फोन आला, तो त्यानं घेतला नाही.

दौऱ्याचा पहिला कार्यक्रम त्यांच्याच शहरात होता, रविवारी दुपारी, नगर वाचनालयाच्या सभागृहात. फुंकरनं जायचं नाही असं ठरवलं होतं. शिकवलं, झालं. आता तिथं जाऊन लोकांनी 'अरेरे' म्हणायचं आणि आपण 'चालायचंच' म्हणायचं, हे त्याला नको होतं. रविवारी जेवण झाल्यावर तो पेपर घेऊन आडवा झाला. बायको ठेवणीतली साडी नेसून समोर उभी राहिली.

"उठा."

"तू जा. मी नाही येत."

"मी दरवर्षी जाते," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुमचा कार्यक्रम असतो आणि मी एकटी बसते. शेजारची खुर्ची नेहमी दुसऱ्याच कुणाची असते. लोक टाळ्या वाजवतात, मी इकडेतिकडे बघते, बोलणार कुणाशी? इतकी वर्षं गेली. एकदा तरी माझ्या शेजारी बसा की."

फुंकरनं पेपर खाली ठेवला. हे तिनं आधी कधीच बोलून दाखवलं नव्हतं आणि त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं. तो उठला आणि शर्टाला इस्त्री करू लागला.

सभागृह भरलेलं होतं. ती दोघं मधल्या रांगेत बसली. पडदा सरकला आणि फुंकरला रंगमंच समोरून दिसला. त्याला जरा चमत्कारिकच वाटलं. आपण एवढ्या छोट्या जागेत उभे राहतो? खांबाचं डोकं दिव्यांना लागेल की काय असं दिसत होतं. ठोक्यानं केस विंचरले होते. हवालदार काळ्या साडीत, पण उभी मात्र परेडला असल्यासारखी.

मास्तरांनी मान डोलावली आणि पहिली रचना सुरू झाली. जुनी, सगळ्यांच्या ओळखीची. फुंकरनं ती इतक्यांदा वाजवली होती, की झोपेतही वाजवली असती. पण त्यानं ती ऐकली कधीच नव्हती. बँडमध्ये उभं राहिलं की माणसाला स्वतःचं वाद्य ऐकू येतं आणि मागच्याचे ड्रम. ठोक्याशी तो जन्मभर भांडला होता, कानठळ्या बसतात म्हणून. इथं खाली मात्र ठोक्याचे ड्रमवर फिरणारे तारांचे ब्रश कोंडा पाखडावा तसे हलके, सळसळते वाजत होते. खांबाचा बास खुर्चीच्या लाकडातून पाठीत शिरत होता. आणि मास्तरांचा डावा हात! तो हात इतकं काही करत असतो, सगळ्यांच्या खालून हलकेच उचलून धरत असतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

बँड आपल्यामुळे उभा आहे अशी त्याची मनातल्या मनात समजूत होती. ती कुणाला बोलून दाखवलेली नव्हती, पण होती. आज तो खाली बसला होता आणि बँड खणखणीत उभा होता. क्षणभर काळजात कळ उठली. मग शेजारचा अनोळखी माणूस पुढे झुकून त्याच्या कानाशी म्हणाला, "काय वाजवतात हो!" जणू काही फुंकरला ही बातमीच होती. आणि ती बातमीच होती.

"हो ना," फुंकर म्हणाला. "हो ना!"

मध्यंतरानंतर मास्तर माईकशी आले. "आता 'जिना'," ते म्हणाले आणि मागून कुणीतरी शिटी वाजवली. "ही रचना आमच्या फुंकरची. तो आज खाली बसलाय. वाजवत असताना त्याला ती कधी नीट ऐकायला मिळाली नाही, अशी त्याची तक्रार आहे."

अशी काही तक्रार त्यानं केलेली नव्हती. लोक माना वळवून बघू लागले. बायकोनं कोपरानं ढोसलं. फुंकर उभा राहिला. चेहऱ्यावर दिव्याचा उजेड पडला होता. अर्धा चेहरा हसला, अर्धा तसाच राहिला. मास्तरांनी हातानं वर ये म्हणून खूण केली. फुंकरनं मान हलवली आणि खाली बसला. त्याला ऐकायचं होतं.

हवालदारनं पहिली ओळ लावली. खालून, सावकाश. पहिल्या वळणावर ती थांबली. खिडकीतून बाहेर बघावं तशी नजर उचलून तिनं लोकांच्या डोक्यांवरून पलीकडे बघितलं आणि सभागृहात एवढी शांतता झाली, की खुर्चीचा एक करकर आवाज आला तरी दहा माणसं वळली. मग पुढची ओळ. शेवटचं वळण तिनं श्वास न घेता पार केलं, एका झोतात, तरण्या पायांनी चढावं तसं आणि वर पोचून तिथून आपलं स्वतःचं काहीतरी सुरू केलं. फुंकरनं कधी वाजवलं नव्हतं असं. धून गच्चीत आली, मोकळ्या वाऱ्यात आली. पुढे काय येणार हे फुंकरला ठाऊक नव्हतं. आपल्याच धूनमध्ये पुढे काय येणार ते आपल्याला ठाऊक नाही, याची त्याला गंमत वाटली. बायकोनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. पुढे तो काढलाच नाही.

धून संपली आणि लोक उठले. फुंकरही उठला आणि टाळ्या वाजवू लागला. उभ्या आयुष्यात त्यानं आपल्या बँडसाठी कधी टाळी वाजवली नव्हती. हातात नेहमी ट्रंपेट असायचं. आता हात मोकळे होते. तो ठोक्यासाठी वाजवत राहिला, खांबासाठी वाजवत राहिला, मास्तरांच्या डाव्या हातासाठी वाजवत राहिला. लोक बसू लागले तरी तो उभाच.

"बसा आता," बायको हसत म्हणाली. "सगळे बघतायत."

"बघू देत," तो म्हणाला.

कार्यक्रम संपला तेव्हा बाहेर अजून ऊन होतं. मागच्या दारी व्हॅन भरली जात होती. बँडला तसंच पुढच्या गावी निघायचं होतं. ठोक्या ड्रम चढवता चढवता म्हणाला, "काय रे, फार मोठा येत होता का आवाज?"

"अजून थोडा मोठा चालेल," फुंकर म्हणाला. ठोक्या त्याच्याकडे बघतच राहिला.

हवालदार पेटी हातात घेऊन समोर आली. घामानं डबडबलेली. ती काही विचारणार तोच फुंकर म्हणाला, "ते वर जाऊन जे केलंत, ते उद्या पुन्हा जमेल?"

"नाही सांगता येत."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. "मग तुम्हाला आली ती."

तिनं सवयीनं टाचा जुळवल्या आणि व्हॅनमध्ये चढली. पुढची खिडकीजवळची जागा, जिथं तो इतकी वर्षं बसत आला होता, तिथं ती बसली. मास्तरांनी खिडकीतून हात बाहेर काढला. फुंकरनं तो दोन्ही हातांनी धरला. गाडी सुरू झाली, कोपऱ्यावर वळली आणि दिसेनाशी झाली.

रस्त्यावर दोघंच उरली. बायको पदर सावरत म्हणाली, "चला. बस मिळेल आता."

तो हलला नाही. व्हॅन गेली त्या बाजूला बघत होता.

"आपला बँड चांगला आहे गं," तो म्हणाला.

"मग इतकी वर्षं मी दुसरं काय सांगत होते?"

"तू बायको म्हणून सांगतेस असं वाटायचं मला."

ती हसली आणि बसच्या थांब्याकडे चालू लागली. तोही निघाला. त्याचे तळवे अजून लाल होते आणि हुळहुळत होते. ते त्यानं खिशात घातले नाहीत. तसेच मोकळे ठेवून तो तिच्या शेजारून चालत राहिला.